ट्रंकेतल्या दुपट्याचा वास

मी एक तांबडी पेशी बोलतेय. हळूच बोलते, कारण मला भीती वाटते. भित्री म्हणा हवं तर, पण माझ्या बहिणी माझ्या अंगाला अंग लावून चालता चालता फुटल्या आहेत.

तळवलीत दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या एका तान्ह्या मुलाच्या रक्तात माझी वस्ती. त्याच्या हाडाच्या मगजात मी जन्मले. बाहेर पडताना माझं केंद्रकसुद्धा काढून घेतलं, त्या जागी लोह असलेलं हिमोग्लोबिन ठासून भरलं आणि म्हणाले, पळ आता! फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा, मेंदूपासून करंगळीपर्यंत पोचवायचा. फार तर तीन-चार महिन्यांचं आयुष्य, आणि त्यात सुट्टी म्हणून नाही. बाजारात पोती वाहणारेसुद्धा दुपारी घटकाभर आडवे होतात.

हे काम जोखमीचं. लोखंडाला गंज चढतो तसं आमचंही होऊ शकतं. ते थांबवायला प्रत्येक पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, डॉक्टर त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. माझ्यात ते नावापुरतंच आहे. बाळाची आई उज्वला, तिच्याकडून हा दोष त्याला आला. तिला स्वतःला कधी त्रास झाला नाही, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता.

बाळ घरी आलं आणि आजी राजाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. तान्ह्याला कोरं कापड घालायचं नाही, जुनंच घालायचं, ही त्यांच्या साताऱ्याकडच्या घरातली रीत. त्यांनी लोखंडी ट्रंक उघडली. मुलाची, म्हणजे बाळाच्या बापाची, दुपटी त्यांनी इतकी वर्षं डांबरगोळ्या घालून जपली होती.

"अहो आई, एकदा धुऊन तरी घेऊ," उज्वला म्हणाली.

"धुवूनच ठिवल्यात म्या. बघ की, किती मऊ हाय!"

तेल चोळून बाळाला दुपट्यात गुंडाळलं. तो उग्र वास श्वासातून आला, तेलकट कातडीतूनही झिरपला. माझ्या शेजारची पेशी ताठरली आणि फुटली. मग तिच्या पुढची. आता माझी पाळी, असं म्हणत मी थरथरत पुढे सरकत राहिले.

बाळ पिवळं पडलं. आम्ही फुटतो तेव्हाच तो पिवळा रंग सुटतो, पण माझं कोण ऐकणार?

"तान्ह्याला कावीळ व्हतीच. कवळ्या उनात धर त्येला," राजाबाई म्हणाल्या.

मग लघवी कोऱ्या चहासारखी झाली. बाळ दूध ओढेना. "आई, मला जाम टेन्शन आलंय. रिक्षा बोलवा," उज्वला म्हणाली.

दवाखान्यात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. रक्त फार कमी झालं होतं, म्हणून दुसऱ्या कुणाचं चढवलं. त्या अनोळखी, धडधाकट पेशी शेजारून पळू लागल्या तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात पुन्हा तोच वास! राजाबाई दुपटं घेऊन आल्या होत्या.

"गार लागत आसंल माझ्या सोन्याला."

डॉक्टर संघमित्रांनी दुपटं त्यांच्या हातातून घेतलं आणि हुंगलं. "आजी, हे डांबरगोळ्यांत ठेवलेलं होतं?"

"व्हय. कसर लागू नये म्हनून."

"मग हे आधी बाहेर ठेवा. याच्या रक्तात एक कमतरता निघालीय, त्याला हा वाससुद्धा बाधतो. काही औषधंही कायम टाळावी लागतील."

राजाबाईंनी दुपटं दाराबाहेर नेऊन टाकलं. "म्हंजी म्याच मारत व्हते व्हय माझ्या लेकराला?"

बाळ वाचलं. पण घरी आल्यापासून राजाबाई त्याला हात लावेनात. भीती माझी एकटीची राहिली नव्हती.

मी आता थकले. लवकरच पोटातली प्लीहा मला मोडीत काढील आणि माझं लोह नव्या पेशीला मिळेल. तीही माझ्यासारखीच दुबळी असेल. म्हणून हात जोडून सांगते, कपडे जपा, पण बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या घालू नका. आणि बाळ पिवळं दिसलं तर उन्हावर सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

आज सकाळी बाळ रडत होतं. उज्वलानं त्याला उचलून सरळ सासूच्या मांडीवर ठेवलं. "घ्या ना, आई. पदराखाली घ्या. रोजची नेसायची साडी आहे, मऊ आहे."

त्या साडीलाही ट्रंकेतला वास असला तर? राजाबाईंनी पदर आधी स्वतःच्या नाकाशी नेला. बराच वेळ हुंगत राहिल्या. मग त्यांनी बाळावर तो ओढला.