हार फलकाला, तारीख गिरिजाबाईला

मी एक पत्र्याचा फलक. पत्र्याला कान नसतात अशी वकिलांची समजूत, म्हणून ते माझ्यासमोर वाटेल ते बोलत. मी सगळं ऐकलं आहे.

१९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला. त्या उत्साहात आमच्या तालुक्याच्या वकिलांना वाटलं, आपल्या खोलीत काहीतरी भारदस्त पाहिजे. ग्रंथ आणावेत तर ते वाचावे लागतात; म्हणून मला आणलं. कडूबा पेंटरनं माझ्यावर देशाच्या सरन्यायाधीशांची नावं रंगवली. १९५० पासूनची सोळा. खाली दहा ओळी मोकळ्या ठेवल्या.

एकदा तीन ज्येष्ठांना डावलून चौथ्याला त्या खुर्चीवर बसवलं होतं. तिघांनी राजीनामे दिले. पुढं आणखी एकाला डावललं, त्यानंही दिला. त्या चौघांची नावं माझ्यावर नाहीत. जे बसले त्यांचीच लिहायची, अशी रीत. कोणा वकिलाला त्याचं काही वाटलं नाही. त्यांना फक्त माझ्यासमोर उभं राहून फोटो काढायचे असत.

वकील संघाचे अध्यक्ष होते भालचंद्रराव. त्यांचा पक्षकार काकासाहेब. केदारखेड्याच्या या माणसानं विधवा भावजयीच्या, गिरिजाबाईच्या, शेताची वाट काट्या टाकून बंद केली होती. बाई नऊ वर्षं नाल्यातून डोक्यावर माल वाहत होती आणि नऊ वर्षं भालचंद्रराव तारखा घेत होते. ‘पुरावा गोळा करून राह्यलो, साहेब,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गिरिजाबाईची बाजू विमलताईंकडे होती. त्या कोर्टातल्या एकुलत्या एक बाई वकील. म्हणून पेंटरला निरोप धाडायचं कामही त्यांच्याच गळ्यात.

१९९१ च्या नोव्हेंबरात माझ्यावर बाविसावं नाव चढलं. भालचंद्ररावांनी ऐन कोर्टाच्या वेळेत समारंभ ठेवला. मला हार घातला, न्यायदेवतेवर तासभर भाषण ठोकलं. त्याच दिवशी गिरिजाबाईचा शेवटचा युक्तिवाद होता. सगळे वकील खोलीत, म्हणून पुढची तारीख पडली.

ते सरन्यायाधीश अठराच दिवसांत निवृत्त झाले. भालचंद्ररावांना केवढा आनंद! दुसरं नाव, दुसरा हार, आणि तेच भाषण. दिवस निवडला तोही नेमका गिरिजाबाईच्या तारखेचा.

भाषण चालू असताना ती दारात येऊन उभी राहिली.

“वकीलसाहेब, हे कोणाचं हाय?”

“बाई, हे देशाचे सगळ्यात मोठे न्यायाधीश. आत्ता मध्ये येऊ नका.”

“गेल्या बारीला बी हेच म्हन्ले होते.”

“ते वेगळे. ते गेले.”

“अठरा दिवसांत मोठा जज बदलला, अन् माझ्या वाटंवरचा काटा नऊ वर्सांत हलला न्हाई?” तिनं माझ्याकडं बोट केलं. “यात बाई कोण्ती हाय?”

कोणी हसलं. भालचंद्रराव म्हणाले, “एकही नाही.”

“मंग बराबर हाय.”

विमलताईंच्या हातात पेढ्यांचं ताट दिलेलं होतं. त्यांनी ते भालचंद्ररावांच्या हातात ठेवलं. “तुम्हीच वाटा, सर. मला कोर्टात काम आहे.” गिरिजाबाईला घेऊन त्या निघून गेल्या.

आमच्या कोर्टातले न्यायाधीशही तारखांना कंटाळले होते. त्यांनी भालचंद्ररावांना दोनदा पुकारलं. ते पेढे वाटत होते. विमलताईंनी वीस मिनिटं युक्तिवाद केला. निकाल झाला : वाट मोकळी करा. काकासाहेब जालन्याला अपिलात गेले, तिथंही हरले. गिरिजाबाईनं पहिल्यांदा बैलगाडीतून कापूस आणला, त्या दिवशी ती मुद्दाम कोर्टाकडं आली म्हणे. भेटली ती विमलताईंना. मला नाही; आणि का भेटावं?

दहा ओळी १९९४ सालीच संपल्या असत्या, पण पुढं कडूबानं अक्षरं बारीक केली. २००२ साली एकाच वर्षात तीनदा नाव बदललं, तेव्हा तोही वैतागला. मग नवीन फ्लेक्स आला. आता मी खोलीमागच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पडलो आहे. पाण्यात पाल पडत नाही, एवढं काम करतो. भिंतीवर वीस वर्षांत एवढंही केलं नव्हतं.

वकील मंडळी, मला पुसून पुन्हा वर टांगू नका. त्या फ्लेक्सला हवे तेवढे हार घाला. फक्त संध्याकाळी साडेपाचनंतर घाला. तोवर बाहेरच्या बाकावर माणसं बसलेली असतात.