खारूताईचं माहेर

"घाट बंद आहे," खिडकीत वाकून पोलीस म्हणाला. "वर टँकर आडवा झालाय. आज काही रस्ता मोकळा होत नाही. गाडी वळवा."

खारूताईने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. शेजारी पोपट बसली होती. तिने लगेच डोंगरावरच्या हॉटेलात फोन लावला, थोडी भांडली आणि फोन मांडीवर टाकला. मागच्या सीटवर मॅडम होत्या. गाडीचा आवाज सहन होत नाही म्हणून त्यांनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं.

"का थांबलो?" त्यांनी जरा जास्तच मोठ्याने विचारलं.

"डोंगर रुसलाय," पोपट मागे वळून ओरडली. "घरी जायचंय."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "मला नाहीतरी यायचंच नव्हतं."

ही सहल खारूताईने मॅडमसाठीच काढली होती.

तिघी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या. कानाला हेडफोन लावून, बोर्डात वायरी खुपसून त्यांनी अख्ख्या शहराची बोलणी जोडून दिली होती. मॅडम तेव्हा सुपरवायझर. लाइनवरच्या खरखरीतूनही पलीकडचा माणूस हसतोय की रडतोय, ते त्यांना कळायचं. पोपट बोलायची थांबत नसे म्हणून पोपट. आणि मिठागरांच्या मुलखातून आलेल्या नव्या मुलीला कोणीतरी 'खारी' म्हटलं, तिचं तुरुतुरु चालणं बघून त्याचं आठवड्याभरात 'खारूताई' झालं, ते कायमचंच.

नावाबद्दल तिची तक्रार नव्हती. मुलखाचं मात्र जड जायचं. "तिकडे आहे काय?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "काही नाही. मीठ आहे." आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसून मोकळी व्हायची. नवरा लग्नानंतर एकदाच तिकडे आला, तोही प्यायचं पाणी बरोबर घेऊन. त्यानंतर तिने कोणाला न्यायचं नावच काढलं नाही. दादाला भेटायला ती एकटीच जायची, बसने, आणि आल्यावर कोणाला काही सांगायची नाही.

आता निवृत्त होऊनही बराच काळ झाला होता. मॅडमचे कान गेल्या वर्षी गेले. यंत्र आलं, पण ते लावलं की हॉर्न, मिक्सर, शेजारचा टीव्ही, सगळं एकदम अंगावर यायचं, आणि काढलं की कानात बोळे कोंबल्यासारखं व्हायचं. मॅडमनी आधी फोन उचलणं सोडलं, मग बाहेर पडणं. म्हणून खारूताईने ठरवलं होतं, वसंत आहे, डोंगर फुललाय, दोन दिवस यांना वर न्यायचं. गाडी नवऱ्याची. त्याने तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. तो गेल्यावर ती शिकली. शिकवणारा म्हणाला होता, "ताई, पुढे जायला तुम्हाला उत्तम जमतं. मागे यायची वेळ मात्र येऊ देऊ नका." मुलगा तर ड्रायव्हर घे म्हणून मागेच लागला होता. आणि आता पहिल्याच सहलीला घाटाच्या पायथ्यावरून परत जायचं.

"हा रस्ता कुठे जातो गं?" उजवीकडे फुटलेल्या सडकेकडे बघत पोपटने विचारलं.

"माझ्या माहेरी."

"म्हणजे मिठात? तिकडे काय आहे?"

'काही नाही' हे शब्द खारूताईच्या ओठांवर आलेच होते. तिने ते गिळले.

"बघायचंय?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिने उजवा सिग्नल दिला.

उतारावर झाडं विरळ झाली, मग झुडपं झाली, मग तीही गेली. पोपटचं समालोचन चालूच होतं. "झाडं संपली. आता विजेचे खांब तेवढे उरलेत. मॅडम, खांब बघून घ्या, पुढे तेही नसतील." खारूताई नेहमीसारखी हसली नाही. तिने काच खाली केली. ओलसर, खारट वारा आत आला आणि तिच्या खांद्यांतला ताण सैल झाला.

वाटेत थांबून तिने दादाला फोन केला.

"एकटीच?" दादाने विचारलं.

"मैत्रिणी आहेत बरोबर."

"गाडी कोण चालवतंय?"

"मी."

"मोठ्या रस्त्यावर खोदून ठेवलंय," तो म्हणाला. "बांधावरून ये. सावकाश."

बांध म्हणजे मिठागरांच्या मधून गेलेली मातीची अरुंद वाट. दोन्ही बाजूंना आरशासारखं पाणी, त्यापलीकडे मिठाचे पांढरेशुभ्र ढीग. बांधाच्या कडांवर बारीक गुलाबी फुलांचा गालिचा पसरला होता. हा दरवर्षी याच दिवसांत थोडे दिवस फुलतो आणि उन्हं तापली की जातो. पोपटने फुलांकडे बोट केलं.

निम्म्याहून जास्त बांध सरला आणि समोरून ट्रॅक्टर आला. मागे मिठाने गच्च भरलेली ट्रॉली.

ट्रॅक्टरवाल्याने हात वर करून गाडी मागे घ्यायची खूण केली. भरलेली ट्रॉली त्या चिंचोळ्या बांधावरून मागे नेणं शक्यच नव्हतं. वळायला जागा एकच, पार मागे, जिथे बांधाला फाटा फुटला होता.

"त्याला सांग, तूच येऊन आमची गाडी मागे घे," पोपट कुजबुजली.

खारूताईने आरशात बघितलं. मागे रेघेसारखी वाट आणि दोन्हीकडे पाणी. या पाण्यात गाडी घातली तर मुलगा जन्मभर ऐकवेल, हे खरं. पण तिला त्याहून वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. गाडी पाण्यात गेली असती तर घरी परतल्यावर या मुलखाची हीच एक गोष्ट उरली असती. खारूताईच्या माहेरी गेलो आणि बुडालो.

"तू उतर," ती पोपटला म्हणाली. "मागे उभी राहा. बोलू नकोस. नुसता हात दाखव."

पोपट उतरली. जन्मात पहिल्यांदाच तिने तोंड मिटून काम केलं. डावा हात, उजवा हात, थांब, ये. एकदा चाकाखालची माती सुटली आणि ढेकळं पाण्यात पडली. खारूताईने ब्रेक दाबला, चाक सरळ केलं. या बांधांवरून ती लहानपणी डोळे मिटून पळायची. बांध कुठे भुसभुशीत असतो आणि कुठे दगडासारखा, हे पायांना ठाऊक होतं. ती आरशातून मातीचा रंग बघत गेली. काळसर तिथे जपून, पांढरट तिथे बिनधास्त. गाडी इंच इंच मागे सरकत फाट्यावर आली आणि नीट आत शिरली.

ट्रॅक्टर शेजारून गेला. ट्रॅक्टरवाला नुसता मान लववून पुढे गेला, जणू यात विशेष काही नव्हतंच. तिला तेच फार आवडलं.

मॅडम मागून म्हणाल्या, "मी देवाचं नाव घेत होते. मोठ्याने घेत होते का?"

"अख्ख्या मुलखाने ऐकलं," पोपट गाडीत बसत ओरडली, आणि तिघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

दादाचं घर मिठागराच्या काठावरच होतं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून तो दारातच उभा होता. वहिनीने ओसरीत खुर्च्या टाकल्या, चहा ठेवला. मॅडमनी पर्समधून यंत्र काढून कानात बसवलं, दुसऱ्याच्या घरी बहिऱ्यासारखं बसायला नको एवढ्याचसाठी. नेहमीप्रमाणे त्यांचा चेहरा आधीच आक्रसला होता.

मग तो हळूहळू सुटला.

त्यांनी मान वळवली. "कोण बोलतंय?"

कोणीच बोलत नव्हतं. दूर, दोन मिठागरं ओलांडून, लांब दांड्याच्या फळ्यांनी दोघी बायका मीठ ओढत होत्या. बोटाएवढ्या दिसत होत्या. वारा तिकडून येत होता.

"त्या डावीकडच्या बाई," मॅडम कान देऊन म्हणाल्या. "म्हणतायत, मुलगी गुणाची आहे, जावईच आळशी मिळाला."

दादाने चहाचा कप खाली ठेवला. "खरंय," तो गंभीरपणे म्हणाला. "तिचा जावई आळशीच आहे."

पोपट हसता हसता थांबली, कारण मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. "इथे एकेक आवाज वेगळा येतो," त्या म्हणाल्या. "फळी ओढल्याचा. पाण्याचा. मध्ये काहीच नाही. लाइन स्वच्छ असली की कसं ऐकू यायचं, तसं."

उन्हं कलल्यावर दादा त्यांना टोकाच्या बांधावर घेऊन गेला. मॅडमसाठी त्याने खांद्यावर खुर्ची घेतली होती. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा होता, इतका दाट की पाण्यावर गुलाबी साय धरल्यासारखी दिसत होती. दादाने बोट ओठांवर ठेवलं. थवा कुजबुजत होता. मग एकाएकी सगळा एकदम उठला आणि त्या हजारो पंखांचा आवाज त्यांच्या डोक्यावरून गेला. मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. तोंड वर, दोन्ही हात कानांपाशी, जुने हेडफोन धरल्यासारखे.

"इतकी वर्षं तू आम्हाला हे सांगितलं नाहीस," पोपट म्हणाली.

"लाज वाटायची," खारूताई म्हणाली.

"कशाची?"

तिने समोर बघितलं. पाण्यात आकाश उतरलं होतं, ढिगांवर तांबूस ऊन होतं, आणि पांढऱ्या बांधावर तिची माणसं उभी होती.

सकाळी ती उठली तेव्हा ओसरीवर मॅडम फोनवर बोलत होत्या. स्वतः लावलेला फोन, मुलीला. आवाज जुना, सुपरवायझरचा. "उद्या नाही, परवा येऊ," त्या सांगत होत्या. "नाही, कंटाळा कसला." पोपट अनवाणी पायांनी मिठागरात उतरली होती आणि फळी कशी ओढायची यावर शेजारच्या बायकांशी वाद घालत होती.

खारूताई घरामागे गेली. या गावात गोडं पाणी लांबून टँकरने येतं. ते फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला. अंघोळीलासुद्धा खारंच पाणी. दादाच्या शेजारी गोड्या पाण्याची बादली होती. फडकं बुडवून, पिळून, तो तिची गाडी पुसत होता. आरसे, दारांच्या कडा, चाकांच्या आतला भाग, जिथे जिथे मिठाने गंज धरला असता तिथे सगळीकडे.

"दादा, प्यायचं पाणी," ती म्हणाली.

त्याने फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.

"दाराची ती बाजू राहिलीय," तो म्हणाला. "जरा सरक."