क्लोव्हरची दाढी

"इंजिन बंद कर, सावेलिच," सामुदायिक शेतीचे अध्यक्ष बांधावरून ओरडले.

प्रोखोर सावेलिचने आधी ओट्सच्या शेतातली फेरी पुरी केली, मगच ट्रॅक्टर थांबवला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एवढा ताठा चालतो. अध्यक्ष रोडियन पिमेनिच याच गावचे, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. मे महिन्यात आमच्या उत्तरेत घाम येत नाही, तेव्हाच प्रोखोरला कळलं की बातमी वाईट आहे.

"उद्यापासून क्लोव्हरचं गवत नांगरायचं. तिथे मका."

"कुठलं क्लोव्हर?"

"आपल्याकडे दहा आहेत का? ओढ्याकाठचं. तीस हेक्टर सगळं."

"मग गाईंनी हिवाळ्यात काय खायचं?"

"मका."

"इथे मका पिकला तर माझ्या तळहातावर केस उगवतील."

"वरून आलंय, सावेलिच. गवत ही शेती नाही म्हणतात. मी तरी काय करू?"

वरून नेहमीच काही ना काही यायचं. प्रोखोर तरुण असताना घरचे दोन घोडे वरून आलेल्या हुकुमाने सामुदायिक तबेल्यात गेले आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच मेले. लढाईत पुरुष गेले, घोडेही गेले, तेव्हा त्याच्या आईने इतर पाच बायकांबरोबर खांद्याला दोर लावून नांगर ओढला. तो आघाडीवरून परतला तेव्हा ओढ्याकाठच्या जमिनीत राय धान्याचं पेरलेलं बीही परत मिळत नव्हतं. मग कुणा शहाण्या माणसाने क्लोव्हर आणलं. तिपानी, गुलाबी गोंड्यांचं. त्याने जमीन सुधारली, गाई दुधाला आल्या, आणि कापणीनंतर वाट्याला आलेल्या चाऱ्यावर घरोघरची एकेक गाय जगू लागली. नऊ वर्षं प्रोखोरने त्या शेतातले दगड हाताने वेचले होते. आयुष्यात दाखवण्यासारखं त्याने काही केलं असेल, तर ते शेत.

आणि तेच त्याने चार दिवसांत नांगरून टाकलं. त्याने नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं, असं तो स्वतःला सांगत राहिला. खरं तर तो घाबरला होता. त्याची बायको ग्लाफिरा सामुदायिक गोठ्यात दूध काढायची. ती दुपारची भाकरी घेऊन आली, बांधावर ठेवली आणि तशीच परत वळली. तिच्या शिव्या त्याने सोसल्या असत्या.

शेवटच्या दिवशी अध्यक्ष बघायला आले.

"ओढ्याच्या वळणावर ते काय हिरवं राहिलंय?"

"दाढी," प्रोखोर म्हणाला.

कापणी संपली की शेवटचा झुपका न कापता ठेवायचा, त्याला फीत बांधायची आणि बुडाशी भाकरीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे जमीन रुसत नाही. म्हाताऱ्या बायका त्याला दाढी म्हणत. पण मूठभर दाढी कुठे आणि वीस पावलं रुंद पट्टा कुठे! अध्यक्षांची आईही दाढी बांधायची.

"तीसच्या तीस हेक्टर नांगरलं, असं कळवतो मी," ते म्हणाले आणि निघून गेले.

मका गुडघ्यापर्यंत आला. ऑगस्टच्या अखेरीस एका पहाटे हिम पडलं आणि सकाळी सगळं शेत काळं झालं होतं. त्या संध्याकाळी ग्लाफिरा प्रोखोरला म्हणाली.

"दाढी उद्याच काप. वाळवू. झोर्काला दोन महिने पुरेल."

झोर्का त्यांची घरची गाय.

"कापायची नाही. बी धरू दे."

"बी? गाईच्या तोंडचा घास काढून बी?"

"जिल्ह्यात आता कुठे बी नाही, ग्लाशा. सगळ्यांनी नांगरलंय. एवढं गेलं की संपलं."

"तुला जमिनीची दया येते. माझी येत नाही."

तरीही सप्टेंबरात तीच चुलीपाशी बसून वाळलेले गोंडे चाळणीवर चोळत होती. मोहरीहून बारीक, पिवळं-जांभळं बी. एक लांब लोकरी मोजा भरला. उरलेली काटकं झोर्काने चार आठवड्यांत संपवली. मग छपराचा जुना पेंढा काढून तिला घातला. सामुदायिक गोठ्यातल्या गाई तोवर भुकेने खंगून दोरांच्या आधाराने उभ्या होत्या. जानेवारीत झोर्का उठेना, तेव्हा तिला उचलून गाडीत घातलं आणि खाटकाकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लाफिरा सवयीने बादली घेऊन घरच्या गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. प्रोखोर दारात उभा होता. आत जायचं त्याला धैर्य झालं नाही.

बर्फ वितळू लागलं तेव्हा तो मोजा कोटात घालून अध्यक्षांकडे गेला.

"ओढ्याकाठी थोडी जागा द्या. दाढीएवढी."

रोडियन पिमेनिचनी बी तळहातावर घेतलं, बोटाने पसरवलं आणि एक दाणाही न सांडता परत मोज्यात ओतलं.

"यंदाही मकाच. दाढीसकट. या खेपेला वरचे लोक मोजायला येणार आहेत." ते खिडकीकडे वळले. "मी हे बघितलं नाही, सावेलिच. घरी जा."

घरी येऊन त्याने मोजा रिकाम्या गोठ्यात, झोर्काचा दोर टांगायच्या खुंटीला अडकवला. ग्लाफिरा मागे येऊन उभी राहिली.

"नाही म्हणाले?"

"यंदा नाही."

"मग?"

"क्लोव्हरचं बी दोन-चार वर्षं थांबतं."

"गाय नाही थांबली," ग्लाफिरा म्हणाली.

तो गोठ्याबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, म्हणून त्याने वळून बघितलं. ग्लाफिरा दूध काढायच्या तिवईवर उभी होती. तिने मोजा खुंटीवरून काढला होता आणि उंदीर पोचणार नाहीत अशा बेताने, तारेने वरच्या तुळईला बांधत होती.