उजव्या बाजूचे दात

दातांच्या डॉक्टरांना चष्मा लागला त्याच वर्षी विमानांचं वेडही लागलं, आणि पुढे दोन्हींचा नंबर वाढतच गेला. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या दाढा कोरायच्या आणि संध्याकाळी त्याच हातांनी (बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्याच अवजारांनी) प्लास्टिकची छोटी लढाऊ विमानं जोडायची, असा त्यांचा क्रम होता.

विमान जोडणं हे तसं सोपं काम. रंगवणं अवघड, आणि काय रंगवायचं ते शोधून काढणं त्याहून अवघड. युद्धातल्या अमुक विमानाच्या शेपटीवर अक्षर कुठलं होतं, पंखावरचं वर्तुळ निळं होतं की काळपट निळं, पोटाखालचे पट्टे कधी पुसले, असल्या प्रश्नांवरून त्यांच्या मॉडेल मंडळातली चांगली शहाणीसुरती माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मंडळाचे परीक्षक एक निवृत्त ड्राफ्ट्समन होते. खिशात कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंग म्हणत. तोंडावर भिंगसाहेब.

या वर्षीच्या प्रदर्शनासाठी डॉक्टरांनी जे विमान निवडलं, त्याच्या नाकावर शार्कचा जबडा रंगवलेला होता.

"झालं," बायको म्हणाली. "दवाखान्यात दात, आता विमानातही दात."

विमान युद्धात बऱ्यापैकी गाजलेलं होतं, पण त्याचा फोटो जगात एकच होता आणि तो डाव्या बाजूचा. प्रत्येक पुस्तकात तोच. डाव्या जबड्यातला दात न् दात डॉक्टरांना पाठ झाला. उजवीकडे काय होतं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

"डावीकडे जेवढे, तेवढेच उजवीकडे," मंडळाच्या बैठकीत भिंगसाहेब म्हणाले. "त्यात काय शोधायचंय?"

"साहेब, माझं आयुष्य लोकांच्या तोंडात बघण्यात गेलं. डावी बाजू उजवीसारखी असलेला माणूस मला अजून भेटायचाय."

"अहो, हे विमान आहे!"

"रंगवलं माणसानंच ना?"

"मग पुरावा आणा. मनाचे दात काढलेत तर मी गुण कापणार."

डॉक्टर पेटले. त्यांनी संग्रहालयांना लिहिलं, जुन्या वैमानिकांच्या मुलाबाळांना गाठलं, अक्षरशः दाताच्या कण्या केल्या. एका मोठ्या संग्रहालयानं उत्तर पाठवलं, "उजवी बाजू आमच्याकडे नाही. आपणांस सापडल्यास कृपया आम्हांलाही कळवावे." मग डॉक्टर पेशंटना विचारायला लागले. तोंडात कापसाचे बोळे असलेल्या माणसाला युद्धाबद्दल विचारून काय हाती लागणार? पण एक दिवस एक आजोबा कवळी टोचते म्हणून आले. पोट भरभक्कम, खुर्चीत जेमतेम मावणारे. त्यांनी कपाटावरचं अर्धवट मॉडेल पाहिलं आणि तोंडात डॉक्टरांची बोटं असतानाच "आँ! आँ!" करून हात हलवायला लागले.

"दुखतंय का?"

आजोबांनी चूळ भरली. "दुखत नाही हो. हे माझं विमान आहे!"

डॉक्टरांच्या हातून चिमटा पडला. "तुम्ही... वैमानिक होतात?"

"छे! मी टायर बदलायचो."

एवढं ऐकल्यावर डॉक्टर बाहेरचे पेशंट विसरले. "आजोबा, उजव्या बाजूला दात कसे होते?"

"डॉक्टर, मी टायरवाला. विमानाचं मला कमरेच्या वरचं काही विचारू नका." आजोबांनी कवळी चाचपली. "पण घरी फोटो आहे. मी आहे, मागे विमान आहे. बाजू कुठली ते देव जाणे."

दुसऱ्या दिवशी आजोबा फोटो घेऊन हजर. डॉक्टरांनी श्वास रोखून पाहिलं. विमान तेच होतं आणि बाजू होती उजवी! आणि बरोब्बर जबड्यासमोर, कमरेवर हात ठेवून, छाती आणि त्याहून जास्त पोट पुढे काढून, तरुणपणचे आजोबा उभे होते. एकही दात दिसत नव्हता. फक्त डाव्या कानाच्या वर एक पांढरा त्रिकोण होता.

"थोडं बाजूला उभं राहायला काय झालं होतं?" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"तुम्ही असं विचाराल हे मला तेव्हा काय ठाऊक?"

तो त्रिकोण म्हणजे सुळा, असं डॉक्टरांचं मत पडलं. भिंगसाहेबांनी भिंगातून पाहून तो आजोबांच्या टोपीचा कोपरा ठरवला. यावर मंडळात दोन तट पडले आणि चहा पाजणाऱ्यानंसुद्धा टोपीच्या बाजूनं मत दिलं.

डॉक्टर मागे हटणारे नव्हते. एक धष्टपुष्ट माणूस नेमके किती दात झाकू शकतो हे काढता आलं, तर उरलेला हिशेब जमेल असं त्यांनी ठरवलं. पुठ्ठ्याचे मोठाले दात कापून त्यांनी बेडरूमच्या कपाटाला चिकटवले, आणि नेमके चार दिवस राहायला आलेले सासरे त्यापुढे उभे केले. सासरे पडले काटकुळे, म्हणून त्यांच्या सदऱ्यात दोन उशा कोंबल्या.

"जावईबापू, हे नक्की कशासाठी?" सासऱ्यांनी विचारलं.

"इतिहासासाठी. बाबा, हात कमरेवर. पोट पुढे. अजून पुढे."

एवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मागच्या जबड्याकडे पाहिलं, जमिनीवर पालथं पडून एका डोळ्यानं बघणाऱ्या जावयाकडे पाहिलं, आणि दार लोटून घेतलं. बाहेर जाऊन त्या मुलीला म्हणाल्या, "तू सुखात आहेस ना गं?"

तशी बायको आत आली. "अहो, उठा आधी. तो फोटो काढला कुणी, ते विचारलंत का? ज्यानं काढला त्याला तर पुढे उभं राहून सगळं दिसलं असेल!"

डॉक्टर तसेच उठले. हे आपल्याला का सुचलं नाही या विचारानं त्यांचे कान लाल झाले.

"फोटो?" आजोबा फोनवर म्हणाले. "हिनं काढलाय की. आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा. ही कॅमेरा घेऊन विमानतळावर आली होती."

डॉक्टर आणि त्यांची बायको संध्याकाळीच आजोबांच्या घरी पोचले. आजी खुर्चीत शेंगा सोलत बसल्या होत्या. डॉक्टरांनी फोटो त्यांच्या हातात दिला आणि गुडघ्यांवर बसून विचारलं, "आजी, नीट आठवा. तुमच्यासमोर विमान होतं. त्याच्या तोंडात काय दिसत होतं?"

आजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि त्या चक्क लाजल्या. "मी कशाला विमान बघतेय? मी यांच्याकडे बघत होते."

आजोबांचं पोट अभिमानानं आणखी थोडं पुढे आलं. डॉक्टरांच्या बायकोनं डोळे पुसले. एकटे डॉक्टर तेवढे दुःखात बुडालेले होते.

परत येताना ते रस्त्यात तीनदा थांबले. "काय रंगवू मी? काय रंगवू?"

"जे दिसतच नाही ते रंगवायचं कशाला?" बायको वैतागून म्हणाली. "त्या आजोबांनाच उभं करा की तिथे!"

डॉक्टर जागच्या जागी थिजले. मग त्यांनी भर रस्त्यात बायकोचा हात हातात घेतला, जे लग्नानंतर फारसं घडलेलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर विमान उभं होतं. डावीकडून जबडा विक्राळ. उजवीकडे जबड्याला अगदी खेटून नखाएवढे आजोबा, कमरेवर हात, पोट पुढे, आणि कानाच्या वर एक पांढरा ठिपका. तो टोपीचा की दाताचा, हे डॉक्टरांनी ज्याच्या त्याच्या मतावर सोडलं होतं.

भिंगसाहेब वाकले. वरून पाहिलं, खालून पाहिलं. भिंग आजोबांच्या मागे काही शिरेना.

"डॉक्टर, तुमचा तो दात बघायचा आरसा आहे का?"

डॉक्टरांनी खिशातून आरसा काढून दिला. भिंगसाहेबांनी तो हळूच आजोबांच्या पाठीमागे घातला आणि ओरडले, "इथे रंगच नाही! नुसतं प्लास्टिक!"

"पुरावा नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मनाचे दात काढू नका, असं तुम्हीच म्हणालात."

भिंगसाहेबांची दातखीळ बसली. तेवढ्यात खरे आजोबा आणि आजी येऊन पोचले. आजोबा आपल्या मूर्तीकडे निरखून म्हणाले, "पोट जरा जास्त झालंय."

"पोट अगदी बरोबर आहे," आजी म्हणाल्या आणि विमानाकडे बघता बघता एकदम हसायला लागल्या. "अगं बाई! आत्ता आठवलं. मीच तर तुम्हाला तिथे उभं केलं होतं! रंगारी होता सुटीवर, म्हणून ही बाजू तुमच्या खानावळीतल्या स्वयंपाक्यानं रंगवली होती. इतके भयंकर दात काढले होते मेल्यानं! म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, ते ध्यान झाकलं जाऊ दे."

डॉक्टरांनी आजींना खुर्ची दिली. "भयंकर म्हणजे नेमके कसे, आजी?"

"आता कसं सांगू बाई..." आजींनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर परीक्षकांवर थांबली. "असे! पुढचे दोन एकमेकांवर चढलेले, एक आतल्या अंगाला वळलेला, मध्ये ही एवढी फट. अगदी या साहेबांसारखे. हुबेहूब!"

डॉक्टरांनी सावकाश मान वळवली. बायकोनं पर्समधून पेन्सिल काढली. मंडळाचे सगळे सभासद, टोपीचे आणि सुळ्याचे दोन्ही, भोवती गोळा झाले.

भिंगसाहेब लालबुंद झाले. तोंड घट्ट मिटून ते बराच वेळ विमानाकडे बघत उभे राहिले. पण माणूस शेवटी अचूकतेचा भक्त. त्यांनी भिंग खिशात टाकलं, आरसा डॉक्टरांच्या हातात परत दिला, दिव्याखालची खुर्ची ओढून बसले आणि आ केला.