पिशवीतला झेंडू

मी एक जुना ब्लोअर आहे, मित्रांनो. बागेतला पाचोळा उडवणारा, आणि तोंड बदलून मागे पिशवी लावली की तोच पाचोळा गिळणारा. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक आम्हां सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. आमच्यात पुष्कळ प्रकार आहेत. पाठीवर दप्तरासारखे बांधायचे धिप्पाड भाऊबंद आहेत, ते नुसते गर्जतात आणि कचरा शेजाऱ्याच्या दारात ढकलतात. चाकांवरचे आहेत, ते मोठ्या मैदानांवर मिरवतात. हल्ली बॅटरीवरचे आले आहेत, ते डासासारखे गुणगुणतात आणि तासाभरात दमतात. मी हातात धरायचा, पेट्रोलवर चालणारा, दोन्ही कामांचा. माझ्या पोटात लोखंडी पात्यांचा पंखा आहे. दहा पोती पाचोळा आत गेला की त्याचा एक पोतंभर चुरा होऊन पिशवीत पडतो. या गोष्टीचा मला फार गर्व होता.

माझा जन्म कारखान्यातला, त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते खोकं. त्यात मी महिनोन्‌महिने अंधारात पडून होतो. मग लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या एका दुकानात निकांद्रोने मला बाहेर काढलं, हातात तोलून बघितलं आणि म्हणाला, "चल, तुला कामाला लावतो." मला वाटलं, सुटलो एकदाचा. कसला सुटतोय? या शहरात आम्हांला चोरणारे फार. सिग्नलला गाडी थांबली की मागून आम्हांला उचलून नेतात. म्हणून माळीलोकांनी आपापल्या गाड्यांवर लोखंडी पिंजरे बसवून घेतले आहेत. निकांद्रोने मला पिंजऱ्यात टाकलं, वर साखळी घातली. घरोघरी काम करताना तेवढा मी मोकळा, बाकी वेळ कैदेत.

पण कामाचे ते दिवस छान होते, खोटं कशाला बोलू. निकांद्रो मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातला, एका तळ्याकाठच्या गावचा. एकोणीस वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको अंपारो कागदपत्रांशिवाय सरहद्द ओलांडून इकडे आले, तेव्हापासून तो लोकांच्या बागा राखतो. माझ्यासारखी यंत्रं चालवणारे हजारो आहेत, पण त्याच्यासारखा हात कोणाचा नाही. अर्ध्या रेसवर तो खडीवरचं वाळकं पान उचलायचा आणि खाली खडा हलायचा नाही. बंगल्यांतल्या बायका खिडकीत उभ्या राहून बघायच्या. तो बघतच नाही असं दाखवायचा आणि आणखी दोन पानं उगाच उचलायचा.

त्याला एकच वाईट खोड होती, काम उद्यावर टाकायची. माझी रेसची वायर धुळीने भरून अडकायला लागली होती. खटका सोडला तरी रेस लगेच उतरायची नाही. दर शनिवारी तो वायर बघायचा आणि म्हणायचा, "उद्या तेल घालतो." रविवारी मग मॅच असायची.

त्या वर्षी मार्चमध्ये अंपारोची आई गेली. एफिहेनिया तिचं नाव; गाव तिला मानाने दोन्या एफिहेनिया म्हणायचं. अंपारोला फोनवर कळलं. तिने अंत्यविधी फोनवरच बघितला, कारण गेली असती तर परत येता आलं नसतं. त्यावर ती कोणाशी बोलली नाही. फक्त नोव्हेंबरची वाट बघत राहिली.

त्यांच्याकडे एक नोव्हेंबरच्या दुपारी बाराला घरातली मेलेली माणसं भेटायला येतात आणि दोन तारखेच्या दुपारी बाराला परत जातात. त्यांना घर सापडावं म्हणून रस्त्यापासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. अंपारोने पहाटे उठून वाट घातली. फाटकापासून पायरीपर्यंत, दोन हात रुंद, काठाला एकही पाकळी इकडेतिकडे नाही. उडू नये म्हणून वर पाणी शिंपडलं. आत टेबलावर आईचा फोटो, मीठ, पाणी आणि तिच्या आवडीचे मक्याच्या पानात बांधून उकडलेले कोरुंदा. घरात तिकोनी कोरुंदा फक्त आईलाच नीट बांधता यायचे, आणि त्या दिवशी अंपारोला पहिल्यांदा तसे जमले होते.

"आईने हे घर बघितलेलं नाही," ती निकांद्रोला म्हणाली. "मेक्सिकोच्या बाहेर पाऊल टाकलं नाही तिने. ती येईल ती या वाटेनेच."

अकराच्या सुमाराला शेजारच्या झाडाची वाळकी पानं वाटेवर पडायला लागली. अंपारो वेचायला वाकली तसा निकांद्रो मला पिशवी लावून घेऊन आला.

"तू हात लावायचा नाहीस," अंपारो म्हणाली. "मी वेचते एकेक."

"वेचत बसलीस तर सासूबाई फाटकात ताटकळतील. पाकळ्या ओल्या आहेत, चिकटून राहतील. वाळकी पानं तेवढी वर येतील. खडी हलत नाही माझ्या हातून, माहीत आहे ना?"

"खडीवर दाखव तुझी कला. इथे माझी आई यायची आहे."

"मग तिच्यासाठीच झाडतोय की. जिवंत असताना मला आळशी म्हणायची, आता तरी बघू दे."

ती हसली. त्या वर्षात पहिल्यांदाच हसली असेल. आत उरलेले कोरुंदा चुलीवरून उतरवायला गेली आणि त्याने माझी दोरी ओढली.

पहिली चार पावलं मी असं काम केलं की काय सांगू. पान तेवढं वर, पाकळी जागच्या जागी. मी फुगलो होतो. मग त्याने रेस जराशी वाढवली, आणि वायर अडकली. मी पूर्ण ताकदीने ओढायला लागलो. बंद करायचं बटण सोडून तो घाबरून खटकाच दाबत-सोडत राहिला, आणि सवयीचे पाय पुढे पडत राहिले. ओल्या, मऊ पाकळ्या माझ्या नळीतून गेल्या, पात्यांत कापल्या गेल्या, पिशवीत पडल्या. मला थांबता येत नव्हतं, मित्रांनो. माझी रेस दुसऱ्याच्या हातात असते. तो भानावर आला तेव्हा वाटेच्या जागी नुसतं ओलं सिमेंट होतं.

अंपारो दारात आली. बाराला दहा मिनिटं कमी होती.

"आई रस्त्यात होती," ती म्हणाली.

"मी आत्ता झेंडू आणतो. गेलो आणि आलो." त्याचा हात पिशवीच्या चेनकडे गेला.

"चेनला हात लावू नकोस. आई त्या वाटेवर होती. वाट जिथे गेली तिथे ती गेली."

तो तीन बाजार फिरला. त्या दिवशी झेंडू कुठून उरणार? तोवर तिने मला पिशवीसकट उचलून परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात ओवली.

शेडला खिडकी नाही. पत्र्याला एक भोक आहे, त्यातून सकाळी थोडा उजेड येतो. पोटात झेंडू आधी गरम झाला, मग आंबट वास सुटला, मग वाळून हलका झाला. मी पाचोळा गिळणारा प्राणी, माझ्या पिशवीत काही दोन दिवसांच्या वर राहिलेलं नाही. आता महिने चालले होते. खोक्यात कोंडलं होतं तेव्हा मी रिकामा तरी होतो. आता माझ्यात कोणीतरी होतं, आणि आम्ही दोघं कोंडलेलो. निकांद्रोने एकदा दाराबाहेरून विनवलं, "निदान पेट्रोल तरी काढू दे, आतून गंजेल तो."

"गंजू दे," ती म्हणाली.

पुढे त्यांच्या शहराने पेट्रोलच्या ब्लोअरांवर बंदी घातली. निकांद्रोने बॅटरीचा एक डास घेतला. माझं नाव कोणी काढेना.

फेब्रुवारीत एका दुपारी कुलूप निघालं. अंपारो एकटीच आली, बादली उपडी घालून माझ्यासमोर बसली. मग पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "आई, भूक लागली असेल ना?"

त्यानंतर ती दर आठवड्याला यायला लागली. गुडघा दुखतो ते सांगायची, शेजारणीची चुगली करायची. एकदा हसत म्हणाली, "तू पण आमच्यासारखीच झालीस. आलीस आणि अडकलीस." आणि एकदा, उन्हाळ्यात, पत्रा तापलेला असताना, ती म्हणाली, "मला येता आलं असतं, आई. जाणं सोपं होतं. परत येणं नव्हतं. मी विचार केला आणि नाही आले. मी विचार करत बसले, हेच मला खुपतं." मला तोंड आहे, पण ते वारा सोडायला. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

ऑक्टोबर संपता संपता तिच्या भावाचा, रुतिलिओचा, गावाहून फोन आला. ती तो शेडमध्ये बसूनच घेत होती.

"गेल्या वर्षी सगळं केलं आम्ही," रुतिलिओ सांगत होता, "पण घर ओकंबोकं होतं. बाबा कधीचे गेलेले, ते आल्यासारखे वाटले. आई नाही. तिला माझं काही लागलं का गं?"

अंपारोने पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "ती माझ्याकडे आहे."

"बरं झालं," तो हळू आवाजात म्हणाला. "भेटलीस ना तिला? मग आता पाठव. बाबांना एकट्याला जेवावं लागतं."

फोन ठेवल्यावर ती पिशवी कुशीत घेऊन रडली. कुलूप आपण यंत्राला नाही, आईलाच लावून ठेवलं होतं, ते तिला त्या दिवशी कळलं असावं.

दोन नोव्हेंबरच्या सकाळी तिने किल्ली निकांद्रोच्या हातात दिली. त्याने मला उन्हात आणलं. जुनं पेट्रोल ओतून टाकलं, प्लग घासला, आणि रेसची वायर पूर्ण काढून तेलात बुडवली. अंपारोने चेन उघडली. आतला चुरा वाळून हळदीसारखा बारीक झाला होता. मुठीमुठीने तिने शेडपासून फाटकापर्यंत त्याची रेघ ओढली. फाटकापाशी उरलेला ढीग ठेवला.

"इथून पुढे यंत्राने. अर्ध्या रेसवर."

"अंपारो, मला नाही जमणार. परत अडकला तर?"

"नळी मी धरते. तू खटका सांभाळ."

पिशवी काढून माझं तोंड बदललं होतं, आता मी ओढणार नव्हतो, सोडणार होतो. सातव्या ओढीला मी सुरू झालो. समोरच्या खिडकीतून एक बाई बघत होती, बंदी असूनही काही बोलली नाही. रेस अर्ध्यावर आली आणि अर्ध्यावरच राहिली. भुकटी ढिगावरून अलगद उठली, फाटक ओलांडून रस्त्यावर गेली, दक्षिणेकडे. मी आयुष्यात इतकं हळू काही उडवलं नव्हतं.

"जा, आई," अंपारो म्हणाली. "बाबा जेवायचे थांबले असतील. मला येता येईल असं वाटत नाही. पण तू ये पुढच्या वर्षी. घर माहीत झालंय तुला आता."

निकांद्रोने मला बंद केलं.

मी पुन्हा शेडमध्येच आहे. बंदी आहे, दुसरीकडे जाणार कुठे? पिशवी रिकामी आहे, आणि मला ती जागा फार मोठी वाटते. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी पडून असेल तर त्याची वायर बघा, मित्रांनो, आणि तेल आजच घाला. निकांद्रोच्या एका 'उद्या'पायी एक म्हातारी बाई वर्षभर माझ्या पोटात राहिली, आणि तिकडे तिचा नवरा एकटा जेवून गेला.