बाटल्यांची पिठी

माझ्या भावाला, नजीबला, पाईप जोडायचं काम तेवढं येत होतं. बाकी दुनियेतलं त्याला फारसं काही कळत नसे. आमच्या घूता भागाला सरकारी फौजेचा वेढा पडला आणि नाक्यांवरून डिझेलचा थेंबही आत येईनासा झाला, तेव्हा गावातल्या शहाण्यासुरत्यांनी हात टेकले. नजीबने मात्र गच्चीवरची फुटकी पाण्याची टाकी खाली ओढून आणली.

"रघदा, हे सगळं मुळात तेलच आहे गं," तो मला म्हणाला. "तेलाचं कोणीतरी प्लॅस्टिक केलं. आपण उलटं जायचं."

आणि तो गेला उलटा. जाड पत्र्याचं पिंप, खाली पडक्या घरांच्या चौकटींचा जाळ, वर मातीने लिंपलेलं झाकण, झाकणातून निघून पाण्याच्या हौदातून जाणारी नळी. पिंपात टाक्या, खुर्च्या, बादल्या यांचे तुकडे भरायचे. आधी गॅस निघे, मग पेट्रोल, मग पिवळसर डिझेल. पहिलं पेट्रोल निघालं त्या दिवशी त्याने ते शेजाऱ्याच्या मोटरसायकलीत ओतलं आणि गल्लीभर फटफट करत हिंडला. बायका दारात येऊन ओरडत होत्या, "अरे वेड्या, वास कसला मारतोय!" ओरडता ओरडता हसत होत्या. पुढे तळघरातल्या दवाखान्याचा जनरेटर त्याच्याच तेलावर चालू लागला.

हे अबू रातिबला खुपलं. वेढ्याखालून खणलेल्या बोगद्यातून जे काही आत येई, साखर, तांदूळ, डिझेल, ते सगळं याच्या गोदामात उतरायचं. गावावर हुकूम चालवणाऱ्या बंदूकवाल्यांशी त्याचं साटंलोटं होतं. तो म्हणेल तो भाव. नजीबच्या भट्टीमुळे लोक त्याच्या डिझेलकडे पाठ फिरवायला लागले. एक दिवस तो स्वतः आमच्या अंगणात आला, खुर्ची रुमालाने पुसून बसला.

"पोरा, भट्टी माझ्या आवारात हलव. माझ्याकडे कामाला ये."

"काका, तुमच्या आवाराच्या भिंती फार उंच," नजीब म्हणाला. "धूर कोंडेल."

"धूर कोंडेल होय!" अबू रातिब हसला. "बरं, जशी तुझी मर्जी."

महिन्याभराने त्याचा माणूस मुन्झिर हातगाडीवर पाच पोती घेऊन आला. हा मुन्झिर आधी काही दिवस आमच्याच भट्टीवर राबलेला, आमच्या ताटात जेवलेला. म्हणाला, "अबू रातिबनी पाठवलीत. भांडण कशाला, म्हणाले. टाक्यांचं प्लॅस्टिक आहे, दळून, वितळवून गोळे केलेत. तुझे कष्ट वाचले." नजीबने त्याला मिठीच मारली.

भट्टीत काहीही टाकून चालत नाही. सांडपाण्याचे करडे पाईप टाकले की तेल आंबट होतं आणि लोखंड खातं. पाण्याच्या बाटल्या टाकल्या की नळीत पांढरी पिठी धरते, नळी बुजते. येणाऱ्याजाणाऱ्याला नजीब हे सांगायचा. मुन्झिरला तर त्याने नळी उघडून दाखवलं होतं.

दुपारची वेळ. मी आत मसूर निवडत होते. आवाज झाला तेव्हा वाटलं, विमानातून टाकलं काहीतरी. बाहेर आले तर पिंपाचं झाकण समोरच्या भिंतीत रुतलेलं, आणि नजीब हौदाशी उभा. उभाच होता. अंगावर कपडा राहिला नव्हता आणि तो मला म्हणत होता, "रघदा, विझव गं, विझव."

चार दिवस जगला. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला तेव्हा एवढंच बोलला, "नळी बघ."

मी बघितली. करवतीने कापली. वीतभर लांबीत पांढरी पिठी अशी ठासून भरली होती की खिळा ठोकून काढावी लागली. गॅसला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. पोत्यांतले उरलेले गोळे फोडले. वरवर निळ्या टाकीचं प्लॅस्टिक, आत सगळा बाटल्यांचा चुरा.

अबू रातिब मातमाला आला. येताना साखर घेऊन आला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "देवाची मर्जी, पोरी."

"हो काका," मी म्हणाले. "देवाचीच."

तेव्हा ओरडून काय मिळालं असतं? न्याय करणारेही त्याच्याच गोदामातली साखर खात होते. मी डूख धरला. चाळीस दिवस झाले आणि मी नवं पिंप बसवलं. माझी एक भुवई जळली ती परत उगवलीच नाही, हाताची कातडी दोनदा सोलून निघाली, पण वर्षाच्या आत माझं तेल नजीबच्या तेलापेक्षा स्वच्छ निघायला लागलं. लोक मला भट्टीवाली म्हणायला लागले. रस्त्यात अबू रातिब भेटला की मी सलाम करायचे, त्याच्या बायकोची तब्येत विचारायचे. त्याला वाटलं, पोरगी निवली.

मग एक दिवस मुन्झिर आला. खाली बघत म्हणाला, "आमच्या जनरेटरला तेल हवंय, ताई. दर आठवड्याला."

"तुमचं गोदाम भरलंय की डिझेलने."

"ते विकायचं. जाळायला तुमचं चालेल, म्हणाले."

या दिवसाची वाट मी किती पाहिली होती, ते मलाच माहीत.

पडक्या इमारतींतून मी करडे सांडपाण्याचे पाईप गोळा केले, त्याच जातीच्या प्लॅस्टिकची वायरींची सालं सोलली. त्यासाठी वेगळं पिंप ठेवलं. त्या धुराने डोळे फुटायची पाळी यायची, घसा सोलायचा. निघालेलं तेल चांगल्या डिझेलमध्ये मिसळायचे, म्हणजे वास दबायचा. दवाखान्याच्या डब्यांना लाल चिंधी बांधायचे. त्यात चूक होऊ नये म्हणून डबे माझ्या हातानेच पोचते करायचे.

आता एक गोष्ट सांगते, लपवणार नाही. अबू रातिबच्या जनरेटरवर आमच्या वस्तीच्या विहिरीचा पंपही चालायचा. हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते तेल दिलं.

सहाव्या आठवड्यात जनरेटर बंद पडला. मिस्त्रीने उघडून पाहिला तर आतली लोखंडी अंगं किडक्या दातांसारखी खाल्लेली. सुटे भाग वेढ्यात मिळणार कुठून? वस्तीचं पाणी तुटलं. लोक मशिदीमागच्या जुन्या आडातलं गढूळ पाणी पिऊ लागले. समोरच्या लमियामावशीची नात तापाने फणफणली. तिचे केस गळले, हाडं दिसायला लागली. मी रोज तिच्या उशाशी बसायचे, दवाखान्यातून औषध आणायचे, आणि मावशी माझाच हात धरून म्हणायची, "तुझ्यासारखी तूच गं बाई." पोरगी वाचली.

पाणी तुटल्याच्या पाचव्या आठवड्यात बायकाच आधी निघाल्या, रिकामे डबे वाजवत. मागून पुरुष. मीही होते. अबू रातिब दारात येऊन म्हणाला, "डिझेल संपलंय. पंपाला छोटं इंजिन लावायचं तर कशावर चालवू? थुंकीवर?"

"तळघर दाखव!" लमियामावशी ओरडली.

"माझं घर आहे, बाजार नाही!"

मग दार राहिलं नाही. तळघरात डिझेलची पिंपं छतापर्यंत रचलेली, आणि त्यामागे साखरेच्या गोणी. आमची माणसं त्या दिवसांत गुरांचं खाद्य दळून भाकरी करत होती. लोकांनी त्याला ओढत रस्त्यावर आणला. मुन्झिर मागल्या भिंतीवरून पळत होता, त्याला बायकांनी धरला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एवढंच विचारलं, "गोळे कोणी केले?"

तो रडायला लागला. "मीच दळल्या बाटल्या. त्यांनी सांगितलं म्हणून. म्हणाले, नळी बुजेल, भट्टी बंद पडेल, बास. मरेल असं नव्हते म्हणाले, ताई, देवाशपथ!"

मग कोणीतरी अबू रातिबकडे बोट करून म्हणालं, "घाला याला त्याच भट्टीत." चारपाच जणांनी अबू रातिबला उचललाही. त्याची चप्पल गळून पडली, एक मोजा फाटका होता. तो माझ्याकडे बघत होता.

"खाली ठेवा," मी म्हणाले. "मला जिवंत हवाय. उद्यापासून भट्टीवर येईल. पळाला तर मग तुमचा."

त्याचे बंदूकवाले मित्र गोणींची वाटणी करण्यात गुंतले होते. त्याच्यासाठी कोणी आलं नाही.

सात महिने तो आला. रोज सकाळी. टाक्या कापायचा, जाळ घालायचा, पिंप खरवडायचा. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून बसायचे, त्याला खालच्या अंगाला उभा करायचे. तोंडाला बांधायला मागितलेलं फडकं मी दिलं नाही. दर वेळी झाकण लिंपताना त्याची नजर पाण्याच्या हौदाकडे जायची, आणि मी म्हणायचे, "नळी बघितलीस?" तो नळीत फुंकून बघायचा. पुन्हा म्हणायचे, "परत बघ."

त्याची बायको, उम्म रातिब, एकदा आली. माझ्या पायाशीच बसली. "रात्रभर खोकतो गं. काळं थुंकतो. तूही माणूसच आहेस ना?"

"मावशी, नजीबला दफनाआधीची आंघोळ घालायला कातडी उरली नव्हती," मी म्हणाले. "उठा. चहा घ्या आणि जा."

एकदा त्यानेच कापता कापता सुरी खाली ठेवली. "एकदाचं मारून टाक ना."

"तेवढी घाई मला नाही."

खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. रोज नाही, पण बरं वाटायचं. पुढे पुढे तो कामात तयार झाला, तेल माझ्यासारखं स्वच्छ काढू लागला, आणि एकदा डबा उजेडात धरून स्वतःशीच हसला. त्या हसण्याचा मला असा संताप आला की मी डबा लाथाडून दिला. दवाखान्याचं तेल होतं ते.

वसंतात शेवटची बॉम्बफेक झाली, घूता पडला, आणि हिरव्या बसगाड्यांतून आम्हाला उत्तरेकडे पाठवलं. तो कुठल्या गाडीत बसला, मी पाहिलं नाही. आता मी तंबूत राहते. इथे डिझेल मिळतं, भट्टीची गरज नाही.

मागच्या थंडीत पलीकडच्या छावणीतून एक माणूस मला शोधत आला. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. उम्म रातिबने पाठवलं होतं. अबू रातिबच्या छातीतून रक्त पडतंय, दिवस मोजतोय, आणि माझ्याकडे माफी मागतोय.

"ऐकलं, म्हणून सांग," मी म्हणाले.

"माफ केलं, असं सांगू का ताई? मरणारा माणूस आहे."

"नाही. ऐकलं, एवढंच सांग."

तो वळला आणि चिखलातून जपून पाय टाकत गेला. मी तंबूची दोरी घट्ट केली. वारा सुटला होता.