मांडा ओळखणारी तिजोरी

हे कोणाला खरं वाटणार नाही, आणि लगेच खरं वाटलं तर मला सांगण्यात मजा नाही. पिंप्राळ्यात आमच्या ओट्यावर शेजारचा कुंदन बसला होता, त्यालाही मी तेच म्हणालो. "चहा येईपर्यंत आमच्या तिजोरीची गोष्ट ऐक. अख्ख्या खान्देशात अशी दुसरी निघाली, तर मिशा उतरवीन."

"नाना, तुम्हाला मिशा आहेतच कुठे?"

"म्हणूनच बिनधास्त बोलतोय."

तिजोरी धुळ्याची. एका सराफाने दुकान आवरलं, तेव्हा जुन्या बाजारातून उचलली. वजन एवढं, की लोडिंग रिक्षात मागे चढवली आणि पुढचं चाक जे वर उठलं, ते पारोळ्यापर्यंत खाली टेकलंच नाही. शेवटी ड्रायव्हरने मला पुढे टपावर बसवलं, तेव्हा कुठे गाडी वळायला लागली.

घरी बायकोने, म्हणजे आमच्या लताबाईंनी, कपाळावर हात मारला. "भंगार आणलं उचलून!"

मग मीही पेटलो. पॉलिशपेपरने गंज घासला, रंगाचे दोन हात मारले. आतल्या फळ्यांना मंडपवाल्याकडची लाल मखमल डकवली. तळाला भोकं पाडून बोल्ट जमिनीत उतरवले आणि असे आवळले, की पलीकडे कुंदनच्या स्वयंपाकघरातली फरशी वर आली.

"ती उंदरांनी उकरली होती," कुंदन म्हणाला.

"पण उंदीर कशाला घाबरून पळत होते, ते विचारलंस?"

दर रविवारी मी तिला कोरड्या फडक्याने पुसायचो. बिजागरीला मशीनचं तेल, आत ओल धरू नये म्हणून कापराची पुडी. दार इतकं हलकं चालायचं, की लताबाई माझ्यावर ओरडल्या तरी आपोआप लागायचं. एकच गडबड केली. दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू कालवून किल्लीच्या भोकातच भरायचो. लक्ष्मी आत जाणार ती तिथूनच ना!

पुढे आला कानबाईचा रविवार. श्रावणात आमच्या घरी नारळाची कानबाई देवी बसते. तिला चांदीचे डोळे लावतात, नथ घालतात. नथ माझ्या आजीपासून चालत आलेली, ती तिजोरीत ठेवा म्हणून मी लताबाईंना बजावून ठेवलेलं. भडगावहून सगळे भाऊबंद आले होते, चौरंग मांडला होता. थोरले जीवरामआबा म्हणाले, "योगराज, नथ कोठे शे?"

मी ऐटीत किल्ली घातली. फिरेना! कुंकवाचा आत दगड झालेला.

लताबाई कानाशी पुटपुटल्या, "आज देवी बिननथीची बसली, तर उद्या तिच्या विसर्जनाआधी हे धूड भंगारात जाईल."

कुंदन पुढे सरकला. "मग?"

"मग काय! सगळ्यांना ओट्यावर काढलं, दार लावून घेतलं. आत मी, लताबाई आणि तिजोरी. म्हटलं, सराफाघरची आहे, खाण्याची शौकीन असणार. देवीचा नैवेद्य बाजूला काढून लताबाईंनी पालथ्या खापरावरचा पुरणाचा गरम मांडा आणला, वर तूप सोडलं, तिच्या तोंडापुढे धरला. ढिम्म! मग म्हटलं, सरका आता. पुरणाचा उंडा घेतला, हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवला आणि टाकला खापरावर. त्याचा वास गेला मात्र, कुलपाने आवंढा गिळला. खट्! दार उघडं! नथ घेऊन बाहेर आलो, जीवरामआबांनी पाठ थोपटली. जा, भडगावात विचार, नथ कोणी आणून दिली. लताबाईंच्या मांड्याला जे जमलं नाही, ते..."

चहाची कपबशी ओट्यावर आपटली. लताबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

"इतकी वर्षं गप्प बसले. पण आता माझ्या मांड्याला नावं? कुंदन, बठ्ठं खोटं शे हे, पहिल्यापासून शेवटपर्यंत! यांना साधी भाकरी उलथता येत नाही. नथ पहिल्या दिवसापासून माझ्या तुरीच्या डब्यात होती. चार माणसांत यांची मान खाली जाऊ नये, म्हणून मीच यांच्या मुठीत दिली. आणि ती तिजोरी? जा, आत जाऊन ओढून बघ. त्या रविवारपासून बंदच आहे!"